गांजाचा जीनोम 2011 मध्येच वाचून झालाय, मग एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला घेण्यात अर्थ आहे का? घरच्या लॅपटॉपवर जमेल का?

जीनोम, म्हणजे झाडाच्या डीएनएतला पूर्ण मजकूर, "वाचून झालाय" हे वाक्य मी 2014 मध्ये नाशिकच्या एका कॉलेजात, तोंडी परीक्षेला उभा असताना ऐकलंय. म्हणून लिहायला बसलो.

माझा विषय हाच होता. विभागप्रमुखांनी शीर्षकातला 'गांजा' खोडून 'एक तंतुपीक' करायला लावलं, तेही मुकाट्याने केलं. लॅबच्या मशीनला रॅम 8 जीबी. शुक्रवारी संध्याकाळी असेंब्ली (डीएनएचे वाचलेले तुकडे जुळवायचं काम) लावून घरी जायचं आणि सोमवारी बघावं तर मेमरी संपून प्रोग्रॅम बंद पडलेला. तीन आठवडे असे गेल्यावर पूर्ण जीनोमचा नाद सोडला. 2011 चे खुले असलेले शॉर्ट रीड्स, म्हणजे डीएनएचे वाचलेले छोटे तुकडे, घेतले आणि टीएचसी (नशा आणणारं रसायन) व सीबीडी (नशा न आणणारं) बनवणाऱ्या सिंथेज एन्झाइमांच्या जनुकांशी मिळत्याजुळत्या तुकड्यांवर तेवढे बसवून पाहिले. इतर जनुकांवर रीड्सचा थर साधारण सारखा होता, इथे मात्र कितीतरी पट उंच. सपाट माळावर एकदम चामरलेण्यांचा डोंगर उभा राहावा तसा ग्राफ. अर्थ सरळ होता: झाडात त्या जनुकाच्या एकसारख्या दिसणाऱ्या बऱ्याच प्रती आहेत आणि जुळवताना त्या एकावर एक चेपल्या गेल्यात.

परीक्षक म्हणाले, "डेटातली चूक आहे. हा जीनोम 2011 ला झालाय, द्राक्षाचा तर 2007 लाच झाला. तुम्ही नवीन काय केलंत?" माझ्या तोंडून शब्द फुटला नाही.

आता सांगतो. 2011 मध्ये कॅनडातल्या गटाने 'पर्पल कुश' वाणाचा जो जीनोम काढला तो मसुदा होता, आणि त्यांनी स्वतःच त्याला मसुदा म्हटलं होतं. मादी झाडाचा जीनोम सुमारे 82 कोटी अक्षरांचा. त्यातली जुळली 53 कोटी 40 लाख, तीही हजारो तुकड्यांत. याला 'झालाय' म्हणतात? जीनोमचा अर्ध्याहून जास्त भाग पुन्हा पुन्हा येणाऱ्या मजकुराचा आहे. आमच्या पंचवटीतल्या घरी आईची भजनाची वही उंदरांनी कुरतडली होती. चिकटवायला बसलो तर कडव्यांच्या पट्ट्या लागल्या, पण ध्रुवपदाच्या पट्ट्या कुठल्या अभंगाच्या ते काही केल्या कळेना. शंभरेक अक्षरांच्या रीडचं अगदी तसंच होतं. पुढे पॅकबायो आणि नॅनोपोर या नव्या तंत्रांचे लांब रीड्स आले, तेव्हा ध्रुवपद आणि त्याच्या मागचं-पुढचं कडवं एकाच पट्टीवर मिळालं.

आणि द्राक्षाचा दाखला तर साफ चुकीचा. तिथे पिढ्यान्‌पिढ्या स्वपरागीकरण करून जवळपास एकजिनसी केलेली वेल मुद्दाम निवडली होती. भांगेत नर-मादी झाडं वेगळी, त्यामुळे आईकडून आणि बापाकडून आलेल्या प्रतींत बराच फरक पडतो आणि जुळवणी तिथेही अडते.

2018 च्या शेवटी नाशिक-पुणे एसटीत, सिन्नर मागे पडल्यावर, मोबाइलवर एक नवा पेपर उघडला. पर्पल कुश आणि फिनोला या हेंपचा (नशा नसलेल्या भांगेचा) क्रोमोसोमपर्यंत जुळवलेला नकाशा होता. टीएचसी आणि सीबीडीची सिंथेज जनुकं पुनरावृत्तीने गच्च भरलेल्या भागात, एकमेकांच्या जवळ पण वेगवेगळ्या जागी. म्हणजे एकाच जनुकाची दोन रूपं नव्हेत. माझा डोंगर नेमका तिथलाच होता. डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू. 2025 मध्ये तर 'नेचर'मध्ये 193 जीनोमांचा पॅनजीनोम, म्हणजे सगळ्यांचा एकत्र संच, आला. संपलेल्या कामात कोणी एवढे कष्ट ओतत नाही.

लॅपटॉपचं म्हणाल तर पूर्ण जीनोम विसरा. क्लोरोप्लास्टचा (पानातल्या हिरव्या कणांचा स्वतःचा छोटा जीनोम) घ्या, सुमारे 1 लाख 54 हजार अक्षरांचा असतो, आरामात जुळेल. किंवा मी केलं तसं एकच जनुककुटुंब धरा आणि थराची उंची नीट मोजा. मला तेव्हा ती दुसऱ्या वाणावर पडताळता आली नव्हती, आणि तेवढ्यापुरता परीक्षकांचा संशय रास्त होता, हेही सांगायला हवं.

कायद्याचं तुम्ही विचारलं नाहीत, पण घरचे विचारतील. सार्वजनिक डेटाबेसमधली अक्षरं म्हणजे झाड नव्हे. झाड लावायचं किंवा फुलोऱ्याचा नमुना जवळ ठेवायचा म्हटलं की 1985 चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा, कायदा आडवा येतो, तिथे लेखी परवानगीशिवाय हात घालू नका.

आणि शीर्षकात 'कॅनाबिस सटायव्हा' असं पूर्ण नाव लिहा. कोणी 'तंतुपीक' करायला सांगितलं तर ऐकू नका.