बारा क्रेडिटांत संख्यात्मक अभ्यास कसा बसवायचा

ताई, तुमचा प्रश्न असा: शहाद्याजवळ जिल्हा परिषद शाळेत नोकरी करत शिक्षणशास्त्रात पीएच.डी. करायची, विषय शिक्षकसंख्या आणि मुलांची प्रगती, गणित बारावीलाच सुटलेलं. कोर्सवर्कला, म्हणजे प्रबंधाआधीच्या सक्तीच्या अभ्यासक्रमाला, काय घ्यावं?

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमावलीनुसार कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचं. त्यात संशोधन पद्धती आणि संशोधन व प्रकाशन नीतिमत्ता सक्तीचे. ५५ टक्क्यांखाली राहिलात तर पुढे जाता येत नाही. उरलेल्या क्रेडिटांत काय घ्यायचं, हे मार्गदर्शकांशी पहिल्याच भेटीत बोला. संख्याशास्त्र विभागाचा रिग्रेशनचा, म्हणजे एका गोष्टीचा दुसरीशी असलेला संबंध आकड्यांत मोजण्याचा, पेपर हट्टाने मागा. एसपीएसएस या सॉफ्टवेअरची नुसती कार्यशाळा त्याची जागा घेत नाही.

नमुना निवड आणि बहुस्तरीय विश्लेषण (मुलं शाळाशाळांत गटाने असतात हे धरून केलेलं) मात्र सोडूच नका. मी सोडलं होतं. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या ६० शाळांतून प्रत्येकी २० अशी १२०० मुलं घेतली आणि सरळ टी-चाचणी लावली; दोन गटांच्या सरासरीतला फरक तपासणारी ही चाचणी प्रत्येक मूल स्वतंत्र धरते. सादरीकरणात एका परीक्षकांनी विचारलं, "एका वर्गातली मुलं एकमेकांपासून स्वतंत्र कशी?" गाव एक, गुरुजी एक, म्हणजे गुणही एकमेकांना धरूनच असणार. गुणांतल्या एकूण फरकाचा पाचवा हिस्सा शाळाशाळांमधला असेल तर मुलांच्या संख्येला १ + १९ × ०.२ म्हणजे ४.८ ने भागावं लागतं (१९ म्हणजे शाळेमागची मुलं वजा एक). माझी १२०० मुलं २५० च्या मोलाची ठरली. बरेच निष्कर्ष गळाले आणि सगळं विश्लेषण नव्याने करावं लागलं.

तुमच्या विषयाला कार्यकारणाचा, म्हणजे कशामुळे काय घडतं ते तपासण्याचा, पेपर सगळ्यात उपयोगी. आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी ६० पटापर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन. ५८ पटाची शाळा आणि ६३ पटाची शाळा बाकी सगळ्यात जवळपास सारखी, फरक एका पदाचा. या उंबरठ्याच्या दोन्ही बाजूंची तुलना करायला शिकवणारी पद्धत म्हणजे रिग्रेशन डिसकंटिन्युइटी. पण पट ६१ वर नेण्यासाठी काय धावपळ होते, ते तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहता. म्हणून आधी यूडायसच्या, म्हणजे शाळांच्या सरकारी नोंदींच्या, आकड्यांत ६१ च्या आसपास शाळांची गर्दी दिसते का ते तपासा. दिसली तर तुलना डळमळीत. शिवाय मंजूर पद वेगळं आणि वर्गात उभा असलेला शिक्षक वेगळा. संचमान्यतेचे, म्हणजे शाळेला किती पदं मंजूर हे ठरवण्याचे, निकषही बदलत आले आहेत, तेव्हा तुमच्या माहितीच्या वर्षाचा जीआर हाताशी ठेवा.

मापनाचाही थोडा अभ्यास हवा. घरी पावरी ही आदिवासी बोली बोलणाऱ्या मुलाचे मराठी प्रश्नपत्रिकेतले गणिताचे गुण भाषाही मोजतात.

सॉफ्टवेअर म्हणून 'आर' शिका, फुकट आहे.

आणि नोकरीतून अर्धवेळ करणार असाल तर ना-हरकत प्रमाणपत्र नीट वाचून घ्या. गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी कामातून मोकळं केलं जाईल, हे त्यात लिहिलेलं असावं लागतं. शाळेतून जळगावला विद्यापीठात ये-जा करायची म्हणजे ते वाक्य प्रवेशाआधीच पदरात पाडून घ्या.