कॅथलॅबमध्ये लेड अ‍ॅप्रन घातला की पुरे होतं का?

तुम्ही कॅथलॅबमध्ये (क्ष-किरणांखाली बघत रक्तवाहिनीत नळी घालून हृदयाची तपासणी-उपचार करतात ती खोली) तंत्रज्ञ म्हणून नुकत्याच लागलात, अ‍ॅप्रन आणि डोस मोजणारा बॅज हातात मिळाला, पण नीट समजावून कुणी सांगितलं नाही. केस संपल्यावर खोलीत रेडिएशन राहतं का आणि पुढे मूल हवं असेल तर ही नोकरी करावी का, हेही तुम्ही विचारलंय. खोलीचं आधी सांगतो. मशीनच्या पेडलवरचा पाय उचलला की क्ष-किरण बंद. खोलीत, कपड्यांवर, पेशंटच्या अंगात काही उरत नाही. (न्यूक्लिअर मेडिसिनचं वेगळं, तिथे औषधच किरणोत्सारी असतं.)

अ‍ॅप्रन हवाच. पण तुमच्या अंगावर येणारे किरण बहुतेक सगळे पेशंटकडून येतात, हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं आपोआप सुचत जातं. नवी माणसं ट्यूबला, म्हणजे क्ष-किरण सोडणाऱ्या नळीला, घाबरतात. खरं तर ट्यूबमधला झोत पेशंटच्या अंगात शिरतो आणि तिथून चहूकडे विखुरतो. बाजूला एक मीटरवर त्याची तीव्रता पेशंटवर पडणाऱ्या झोताच्या साधारण हजाराव्या भागाइतकी असते. दोन मीटरवर गेलात तर त्याचीही चौथाई. म्हणून सिने रेकॉर्डिंग सुरू होताना टेबलाशी तुमचं काम नसेल तर सरळ दोन पावलं मागे व्हा. फ्लुरोपेक्षा (नुसतं बघण्यासाठीचं चालू चित्र) सिनेला (साठवून ठेवायचं चित्रण) डोस कितीतरी जास्त असतो.

झोत ज्या बाजूने शिरतो त्या बाजूला स्कॅटर, म्हणजे विखुरलेले किरण, सगळ्यात जास्त. ट्यूब टेबलाखाली ठेवतात ती त्यासाठीच; मग जास्तीचा भाग पायांकडे जातो आणि टेबलाला लटकवलेला लेडचा पडदा तो अडवतो. सी-आर्म (एका टोकाला ट्यूब आणि दुसऱ्या टोकाला चित्र टिपणारा डिटेक्टर असलेली कमान) आडवा झाला तर डिटेक्टरच्या बाजूला उभ्या राहा. डिटेक्टर पेशंटच्या जवळ आणलेला, कोलिमेशन (झोताची रुंदी) आवळलेलं, पल्स रेट (सेकंदाला किती वेळा किरण सुटतात तो) कामापुरता, एवढं डॉक्टरांनी सांभाळलं की पेशंटचा डोस उतरतो आणि त्याबरोबर तुमचाही.

अर्धा मिलिमीटर लेडइतकं संरक्षण देणारा अ‍ॅप्रन नव्वद टक्क्यांहून जास्त स्कॅटर थांबवतो, पण समोरून. मागे नुसत्या पट्ट्या असलेला अ‍ॅप्रन घालून तुम्ही ट्रॉलीवरची कॅथेटर घ्यायला वळता, पेडल दाबलेलंच असतं आणि तुमची उघडी पाठ पेशंटकडे असते. हे दिवसभर घडतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही. टेबलाजवळ काम असेल तर सगळीकडून वेढणारा अ‍ॅप्रन मागणी करून घ्या, गळ्याभोवतीच्या थायरॉइड कॉलरसकट. आणि तो घडी घालून खुर्चीवर टाकू नका. आतल्या थराला भेगा पडतात, वरून दिसत नाहीत. दरवर्षी फ्लुरोखाली धरून तपासायला हवेत.

डोळ्यांकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. आधीच्या समजापेक्षा कमी डोसनेही मोतीबिंदू होऊ शकतो असं दिसल्यावर किरणोत्सारापासून संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने, म्हणजे आयसीआरपीने, 2011 मध्ये डोळ्याच्या भिंगाची शिफारस केलेली मर्यादा वर्षाला 150 मिलिसिव्हर्टवरून (हे डोस मोजायचं एकक) 20 वर आणली. लेडचा चश्मा घेताना बाजूच्या काचा बघा. तुमची नजर मॉनिटरवर असते, म्हणून किरण येतात ते बाजूने आणि खालून. छताला टांगलेली लेडची काच तर बऱ्याच ठिकाणी कोपऱ्यात ढकललेली सापडेल. ती ओढून पेशंटच्या अगदी जवळ आणायला सांगा, बिनधास्त.

हात झोतात घालायचा नाही, लेडचे हातमोजे घालूनही नाही. हातमोजा झोतात आला की मशीन आपोआप डोस वाढवतं!

बॅज अ‍ॅप्रनच्या आत छातीवर. दुसरा दिला असेल तर बाहेर, कॉलरवर. अदलाबदल झाली की रिपोर्टला अर्थ उरत नाही, आणि अ‍ॅप्रनला अडकवून खोलीतच राहिला तर तुम्ही घरी असताना त्यावर पडलेला डोसही तुमच्या नावावर. रिपोर्ट मागून बघत जा. आयसीआरपीची पूर्ण शरीरासाठीची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट आणि कुठल्याही एका वर्षात 50 च्या आत. माणसाला निसर्गातूनच वर्षाला सरासरी 2.4 मिळतात, त्याशेजारी आपला आकडा ठेवून बघा.

मुलासाठी नोकरी सोडायची गरज नाही. दिवस गेल्याचं कळलं की लगेच लेखी कळवा. तिथून पुढे बाळाला उरलेल्या काळात 1 मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त मिळू नये, असं काम आखून द्यावं लागतं. एक बॅज अ‍ॅप्रनच्या आत पोटावर लावायला मागा, आणि शक्य असेल तर तेवढे महिने टेबलाऐवजी कंट्रोल रूममधलं काम घ्या.