आईला कमी ऐकू येतं. घरच्या कुत्र्याला तिच्या मदतीसाठी घरीच शिकवता येईल का?

तुमच्या आईला ऐकू येणं खूप कमी झालंय, घरात आठ महिन्यांचा लॅब्रडॉर आहे. त्याला घरीच सर्व्हिस डॉग म्हणून तयार करता येईल का आणि सर्टिफिकेट कुठे मिळेल, असं तुम्ही विचारलंय.

शिकवता येईल, आम्ही शिकवलंय. आम्ही परळला राहतो. आईला दोन्ही कानांनी जेमतेम ऐकू येतं, आणि मशीनने डोकं दुखतं म्हणून दुपारनंतर ती ते काढून ठेवते. आमची चिंगी गावठी, रस्त्यावरून आणलेली. दाराची बेल वाजली किंवा कुकरची शिट्टी झाली की ती आईच्या गुडघ्याला नाक लावते आणि आवाज जिथून आला तिथे तिला घेऊन जाते. हे पक्कं व्हायला सव्वा वर्ष लागलं.

त्यातले पहिले चार महिने माझ्या चुकीमुळे वाया गेले. संध्याकाळी कामावरून आले की मीच शिकवायचे, खाऊ माझ्याच खिशात. चिंगी भराभर शिकली, पण बेल वाजली की समोर बसलेल्या आईला ओलांडून आतल्या खोलीत माझ्याकडे धावत यायची. तिचं बरोबरच होतं. खाऊ ज्याच्याकडे, खबर त्याला. मग खाऊचा डबा आईकडे दिला आणि मी बाजूला झाले. तुम्ही पहिल्या दिवसापासून हेच करा. ज्या माणसासाठी कुत्रा शिकतोय, बक्षीस त्याच्याच हातून मिळायला हवं.

सुरुवात बेलपासून करू नका, नाकापासून करा. आईने तळहात पुढे धरायचा. त्याने नाक लावलं की लगेच ‘हां’ म्हणायचं आणि उकडलेल्या चिकनचा हरभऱ्याएवढा तुकडा द्यायचा. हे बसलं की तळहात गुडघ्यावर ठेवायचा, मग हळूहळू हात काढून घ्यायचा. तो आपणहून गुडघ्याला नाक लावायला लागला की आवाज आणा. तुमच्याच बेलचा आवाज फोनवर रेकॉर्ड करून अगदी हळू वाजवा, आईने गुडघ्यावर हात ठेवायचा, नाक लागलं की खाऊ. काही दिवसांनी हात न दाखवताच तो येईल. त्यानंतर आईने दोन्ही हात पसरून ‘कुठे?’ अशी खूण करायची आणि दारापर्यंत नेलं की तिथे खाऊ द्यायचा. खुणा हातांच्याच ठेवा, त्या दोघांना त्याच सोयीच्या.

एका वेळी तीन-चार मिनिटं पुरेत, दिवसातून दोन-तीनदा. हा खाऊ रोजच्या जेवणातून वजा करा, लॅब्रडॉर पटकन सुटतात. आणि जागा बदलली की सगळं पुन्हा सोपं करून घ्या. हॉलमध्ये पक्कं झालेलं काम आई स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत असली की चिंगी विसरायची. आई झोपलेली असताना उठवायचं हे सगळ्यात शेवटी शिकवलं.

आमच्या बिल्डिंगमध्ये भिंतीला भिंत लागून घरं, त्यामुळे शेजारच्या कुकरचीही वर्दी यायची. बेल आम्ही बदलून वेगळ्या सुरावटीची लावली. कुकरचं मात्र आपल्याच शिट्टीला खाऊ, शेजारच्या शिट्टीला काही नाही, असं नेटाने करत राहिलो. अजूनही कधीतरी ती चुकते. आई उठून गॅस बघते, तिच्या पाठीवरून हात फिरवते आणि परत बसते.

एक गोष्ट आत्ताच नीट तपासा. तुमचा कुत्रा मोठ्या आवाजाने शेपूट पायात घालून पलंगाखाली जातो का? आमच्याकडे गणपतीत रात्री उशिरापर्यंत ढोल-ताशे. चिंगी कान टवकारते आणि पाचेक मिनिटांत पुन्हा झोपते. जो कुत्रा थरथरतो, खाणं सोडतो, त्याच्याकडून आवाजाचं काम करून घेऊ नका. तो लाडका म्हणून घरात राहू दे आणि आईसाठी दिवा लागणारी बेल बसवा. मी हे तुटकपणे म्हणत नाही. घाबरलेल्या जिवाला रोज त्याच भीतीसमोर उभं करणं मला बघवत नाही.

सर्टिफिकेटचं थोडक्यात सांगते. आपल्याकडे सर्व्हिस डॉगची सरकारी नोंदणी नाही, त्यामुळे पैसे घेऊन कार्ड आणि जॅकेट पाठवणाऱ्यांच्या नादी लागू नका. अमेरिकेत १९९० च्या अपंगत्व कायद्याखाली घरी शिकवलेला कुत्राही चालतो आणि सर्टिफिकेट मागता येत नाही, पण तो कायदा इथे लागू नाही. मॉल, हॉटेल, लोकल इथे हक्काने नेता येईल असं धरून चालू नका. महापालिकेचा परवाना आणि रेबीजची लस मात्र हवीच. सोसायटी आडवी आली तर ॲनिमल वेल्फेअर बोर्डाची २०१५ ची मार्गदर्शक तत्त्वं दाखवा: कुत्रा पाळायला बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही.

आईला बाहेरही त्याची सोबत हवी असेल तर काम बरंच वाढतं. असे कुत्रे वापरणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने सुचवलेलं किमान प्रमाण सहा महिन्यांत १२० तासांचं आहे, त्यातले ३० तास बाहेर. मुंबईत त्या ३० तासांतला बराच वेळ गल्लीतल्या कुत्र्यांजवळून शांतपणे चालायला शिकवण्यातच जातो. आम्ही पहाटे साडेपाचला निघायचो, रस्ता मोकळा असताना.

आज रात्री त्याचं जेवण आईला वाढू द्या. अर्धं भांड्यात, अर्धं तिच्या हातातून, एकेक दाणा.