कायम म्हणजे किती दिवस?

"मॅडम, पर्मनंट राहू की कॉन्ट्रॅक्ट घेऊ?" हा प्रश्न समुपदेशक म्हणून मी आता इतक्यांदा ऐकलाय की समोरच्याने लॅपटॉपची बॅग खुर्चीला टेकवली की तो येणार हे मला कळतं. विचारणारे बहुतेक जण इन्व्हेस्टमेंट बँकांच्या तंत्रज्ञान विभागातले असतात. कोणी ट्रेडिंगची प्रणाली सांभाळतं, कोणी रात्रभर जोखमीची गणितं चालवतं, कोणाच्या हाती झालेले सौदे वेळेत मिटवायचं काम असतं. वय पस्तीस ते पंचेचाळीस. पगार चांगला, झोप वाईट.

त्यांच्यापैकी एकाची गोष्ट सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि बऱ्याच भेटी चार-पाच संवादांत आणल्या आहेत.

हे गृहस्थ अकरा वर्षं एकाच बँकेत होते. दुसऱ्या बँकेकडून वर्षभराच्या कॉन्ट्रॅक्टचा प्रस्ताव आला होता, रोजच्या दराने. पहिल्याच भेटीत त्यांनी एक्सेलचा तक्ता उघडला. त्रेचाळीस ओळी! शेवटच्या ओळीतला कॉन्ट्रॅक्टचा आकडा हिरव्या रंगात होता.

"हा कसा काढलात?"

"दिवसाचा दर गुणिले दोनशे साठ."

"दोनशे साठ दिवस काम करणार?"

"पाच गुणिले बावन्न," ते म्हणाले आणि मग स्वतःच थांबले. सार्वजनिक सुट्ट्या, रजा, आजारपण, सगळं बिनपगारी. डिसेंबरात प्रणालींमध्ये बदल करायला बंदी असते, तेव्हा अनेक बँका कंत्राटी लोकांना सक्तीने दोन-तीन आठवडे घरी बसवतात. आणि दोन कामांच्या मधली फट वेगळीच. आम्ही दोनशेवर येऊन थांबलो. दुसऱ्या बाजूला, नोकरीच्या रकान्यात, त्यांनी आतापर्यंतचा सर्वांत चांगला बोनस धरला होता. मी सर्वांत वाईट वर्षाचा धरायला सांगितला. शिवाय बोनसचा काही भाग शेअरच्या रूपात पुढच्या तीन वर्षांत मिळणार होता आणि राजीनामा दिला तर तो बुडणार होता. तो तर तक्त्यात कुठेच नव्हता.

पैशांचा सल्ला देणं हे माझं काम नाही. पण धास्तावलेल्या माणसाचं गणित सहसा एकाच बाजूला चुकतं, आणि ती बाजू कोणती हे पाहिलं की मला पुष्कळ कळतं. या गृहस्थांचं गणित मात्र दोन्ही बाजूंनी फुगलेलं होतं. तेव्हा मला त्याचं नवल वाटलं नाही. वाटायला हवं होतं.

दुसऱ्या भेटीत सुरक्षिततेचा विषय निघाला. "काही झालं तरी पर्मनंट ते पर्मनंट," ते म्हणाले.

"तुम्हाला काढायचं झालं तर बँकेने किती दिवस आधी सांगायचं, असं नेमणूकपत्रात आहे?"

"तीन महिने."

"आणि कॉन्ट्रॅक्टमध्ये?"

"चार आठवडे."

"म्हणजे तुमच्या बाबतीत कायम म्हणजे तीन महिने आणि तात्पुरतं म्हणजे एक."

ते हसले. मग म्हणाले, अकरा वर्षांच्या सेवेची भरपाईही मिळेल की. बरोबर होतं, आम्ही तीही धरली. तरी ज्याला ते आयुष्यभराचा आधार समजत होते त्याची लांबी वर्षभराच्या आतच भरली.

लीमन ब्रदर्स या अमेरिकन इन्व्हेस्टमेंट बँकेचा विषय त्यांनीच काढला. १५ सप्टेंबर २००८ ला ती बँक दिवाळखोरीत गेली तेव्हा तिथे सुमारे २५,००० लोक कामाला होते, आणि खोकी घेऊन बाहेर पडणाऱ्यांत पर्मनंटवाले होतेच. १८५६ साली स्थापन झालेली स्वित्झर्लंडची क्रेडिट स्विस बँक १९ मार्च २०२३ च्या रविवारी तिथल्याच यूबीएस बँकेच्या ताब्यात द्यायचं ठरलं. पण याची दुसरी बाजू मी लपवत नाही. खर्च कापायचा झाला की आधी कंत्राटी लोकच जातात, कारण त्यांची मुदत नुसती वाढवली नाही की काम भागतं. कधी उलटंही होतं. कायम भरती गोठवलेली असते, पण एखाद्या प्रकल्पाचे पैसे मंजूर असतात, मग त्यातून कंत्राटी माणूस घेतला जातो. लायबॉर, म्हणजे बँकांमधल्या कर्जांचे वेगवेगळ्या चलनांतले आधारभूत व्याजदर, मोडीत काढायच्या कामावर असे कितीतरी जण होते. त्यातले बहुतेक दर ३१ डिसेंबर २०२१ ला थांबले, डॉलरचे मुख्य दर ३० जून २०२३ ला. कामाचा शेवट सुरुवातीपासून कॅलेंडरवर लिहिलेला. नियमही हलतात. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२१ पासून, कंत्राटी माणूस करापुरता नोकरदार ठरतो की नाही हे पाहण्याची जबाबदारी मध्यम आणि मोठ्या खासगी कंपन्यांवर आली, आणि अनेक बँकांनी स्वतःची छोटी कंपनी काढून काम करणाऱ्यांना घेणंच बंद केलं.

एवढं बोलून झाल्यावर मला वाटलं, काम फत्ते. "कायम म्हणजे किती दिवस?" हा माझा आवडता प्रश्न आहे, आणि तो वाया जात नाही असा माझा अनुभव. तिसऱ्या भेटीला ते आले तेव्हा तक्ता एकावन्न ओळींचा झाला होता.

त्या वेळी त्यांची पत्नी सोबत होती. ती बराच वेळ गप्प बसून ऐकत होती. मग सहज म्हणाली, "मॅडम, हा दरवर्षी फेब्रुवारीत आजारी पडतो."

"फेब्रुवारीत काय असतं?"

"बोनस सांगतात," ती म्हणाली.

गृहस्थांना हे पटलं नाही. हवा बदलते, ऑफिसात साथ असते, असं काहीबाही सांगू लागले. मी विचारलं, "बोनस सांगतात म्हणजे नेमकं काय होतं?"

"साहेब खोलीत बोलावतात. कागद पुढे सरकवतात."

"मग तुम्ही आकडा बघता."

"नाही. आधी त्यांचा चेहरा बघतो." थोडं थांबून म्हणाले, "शाळेत प्रगतिपुस्तकावर बाबांची सही घ्यायची असायची ना, तसं."

"कॉन्ट्रॅक्टमध्ये तो कागद नसतो."

"तेच तर! मग मला कळणार कसं?"

"काय कळणार?"

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. पत्नीने त्यांच्याकडे पाहिलं नाही, आणि त्याबद्दल मी मनातल्या मनात तिचे आभार मानले. शेवटी ते म्हणाले, "मी बरा आहे की नाही, ते."

दोन्ही आकडे का फुगले होते ते तेव्हा मला उमगलं. तक्त्यात ते पैसे मोजतच नव्हते. आपल्याला जास्त मार्क कोण देईल, हे शोधत होते.

माझे काही सहकारी इथून प्रगतिपुस्तकाकडे आणि बाबांकडे गेले असते. मी जात नाही. जुन्या जखमेचा पत्ता सापडला म्हणून आजचा विचार आपोआप बदलत नाही. तो आज, हातात घेऊनच तपासावा लागतो, असं मी मानते. कामाला गुण देता येतात, माणसाला येत नाहीत. पण हे वाक्य सांगून कुणाला पटत नाही. सुदैवाने त्यांचं स्वतःचं कामच माझ्या मदतीला आलं.

"ट्रेडिंग डेस्कला, म्हणजे सौदे करणाऱ्या गटाला, आज नफा झाला, तर तो कशामुळे झाला हे तुमची प्रणाली वेगळं करून दाखवते ना?"

"हो. व्याजदर हलले त्याचे इतके, चलनाचे इतके, एक दिवस उलटला त्याचे इतके, नव्या सौद्यांचे इतके."

"आणि जे कशातच बसत नाही ते?"

"अनएक्सप्लेन्ड. ते लहानच असावं लागतं."

"मग तुमच्या बोनसचं असं करून आणा. मागच्या सात वर्षांचं."

पुढच्या भेटीला ते चक्क उत्साहात आले. बँकेचं वर्ष कसं गेलं, विभागाच्या वाट्याला किती आलं, साहेब बदलले ती दोन वर्षं, कुणाला तरी थांबवून ठेवायला पैसे वळवले ते एक वर्ष, सगळं मांडलं होतं. ज्या वर्षी त्यांनी सर्वांत चांगलं काम केलं असं त्यांचं स्वतःचं मत होतं, त्या वर्षीचा बोनस खालून दुसरा होता.

"माझ्यामुळे म्हणता येईल असा तुकडा एवढुसा उरला," ते म्हणाले. "डेस्कच्या हिशेबात एवढा फरक दिसला तर आम्ही चौकशीसुद्धा करत नाही." आणि मग ते इतके हसले की डोळे पुसावे लागले. मीही हसले. या कामात असे दिवस वरचेवर येत नाहीत.

तेव्हापासून हा प्रश्न घेऊन येणाऱ्यांना मी आधी विचारते, तुमचं प्रगतिपुस्तक कुणाच्या हातात आहे? वार्षिक मूल्यमापनाला कंटाळून कॉन्ट्रॅक्टकडे जाणारे पुष्कळ भेटतात. त्यांना मी सांगते की तिथे दर तीन-सहा महिन्यांनी मुदतवाढ मिळते की नाही, हाच निकाल असतो. तोही तुमचा नसतो, बऱ्याचदा प्रकल्पाच्या पैशांचा असतो, पण लागायचा तो लागतोच. ज्याला दोन कामांच्या मधले आठवडे म्हणजे नापास झाल्याचा शिक्का वाटतो त्याने आधी त्या वाटण्याकडे बघावं, दराकडे नंतर. निदान सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला नसेल तर मी चर्चाच पुढे नेत नाही. परदेशात असाल आणि राहण्याचा परवाना मालकाशी बांधलेला असेल, तर परवान्याचे नियम पहिल्यांदा वाचा.

एक गोष्ट तरुणांच्या लक्षात येत नाही. कंत्राटी माणसाला घेतात ते त्याला आधीपासून जे येतं त्यासाठी. नवं शिकायचं ते आपल्या वेळात, आपल्या खर्चाने. एखादी प्रणाली पाच वर्षं वाढवत न्यायची, माणसं हाताखाली घडवायची, अशी ज्याला खरी ओढ आहे त्याला कॉन्ट्रॅक्टमध्ये ते क्वचितच मिळतं. उलट, बढतीच्या राजकारणाने ज्याचा जीव जातो आणि नेमून दिलेलं काम चोख करून निघून जाण्यात ज्याला आनंद आहे, तो कायम नोकरीत उगाच कुढत बसतो. असेही मी पाहिले आहेत. आणि निर्णय कुठलाही असो, बोनसच्या महिन्यात घेऊ नका.

या गृहस्थांनी तो प्रस्ताव नाकारला. साधारण सव्वा वर्षाने, शेअरचा एक मोठा हप्ता हातात पडल्यावर, दुसरं कॉन्ट्रॅक्ट घेतलं. सहा महिन्यांचं होतं, एकदा वाढलं, मग नाही वाढलं. त्यानंतर काही काळ त्यांची खबर नव्हती. मग एके सकाळी मोबाइलवर निरोप आला: "मॅडम, घरी बसून नववा आठवडा. फेब्रुवारी आहे. ताप नाही."