मला दमा आहे आणि इन्हेलर चालू आहे. बासरी सोडावी लागेल का?

तुम्ही लिहिलंय की वय 46 आहे, इंदूरला राहता, ई स्केलची (पाश्चात्य ‘ई’ हा षड्ज असलेली) मोठी बासरी वाजवता, दम्याचं निदान नुकतंच झालंय आणि मंद्रातला, म्हणजे खालच्या सप्तकातला, लांब आलाप संपता संपता छातीत सूं-सूं वाजायला लागतं. दमा औषधाने आटोक्यात असेल तर बासरी सोडायचं काही कारण नाही, असं माझं ठाम मत आहे. मात्र बासरीची लांबी आणि फुंकेची सवय, दोन्ही बदलावं लागेल.

दम्यात खरी अडचण श्वास सोडताना येते. फुप्फुसातली हवा कमी होत जाते तशा बारीक श्वासनलिका आणखी आवळतात, आणि ती सूं-सूं बहुधा फुंकेच्या अगदी शेवटी ऐकू येते. म्हणजे ‘दम संपेपर्यंत सूर धरायचा’ हा जो रियाज सगळीकडे शिकवतात, तोच तुम्हाला बाधतो. शिवाय आत अडकलेली हवा पूर्ण बाहेर पडायच्या आधीच घाईने नवा श्वास घेतला की छाती फुगून बसते. भरपूर श्वास घेऊनही कमी पडल्यासारखं वाटतं, ते यामुळे.

यावर उपाय असा. लय 60 ठेवा, म्हणजे मिनिटाला 60 मात्रा. 6 मात्रा मध्य सप्तकातला षड्ज हलक्या फुंकेने धरा आणि हवा शिल्लक असतानाच सूर सोडा. पुढच्या 2 मात्रांत ओठ सैल करून उरलेली हवा जोर न लावता जाऊ द्या. मग 2 मात्रांत श्वास घ्या, शक्यतो नाकाने, कारण तोंडाने ओढलेली कोरडी, गार हवा नळ्यांना चिडवते. हे दहा मात्रांचं आवर्तन होतं, त्यामुळे झपताल लावून करता येतं. दहा मिनिटं वाजवा, पाच मिनिटं थांबा. सहाच्या आठ मात्रा करायची घाई नको. बंदिशीच्या वहीतही श्वासाच्या जागा पेन्सिलने मांडून घ्या. तानपुरा चालू असला की मधली फट ऐकणाऱ्याला खटकत नाही.

आता बासरी. शहनाईला दाब जास्त आणि हवा कमी लागते. बासरीला दाब कमी पण हवा भरपूर, आणि त्यातली बरीचशी मुखरंध्राच्या (जिथे फुंकतो त्या छिद्राच्या) धारेवरून वायाच जाते. ई ची बासरी साधारण 30 इंची, जी ची 24 च्या आसपास, ए ची त्याहून आखूड. निदान काही महिने जी वर या, मंद्रात एका फुंकेला लागणारी हवा लगेच कमी होईल. बासरीवादक पन्नालाल घोषांनी 32 इंची बासरी रूढ केल्यापासून मोठी बासरी म्हणजेच खरी असं एक मनात बसलंय, पण आलाप 24 इंचांवरही तितकाच गंभीर होतो. सुरात फसफस ऐकू येत असेल तर फुंक वाया जातेय. ओठांची फट बारीक करा, मुखरंध्र किंचित आत वळवा. मांडी घालून पोक काढून बसलात तर पोट दाबलं जातं, म्हणून खाली चार इंचांची उशी घ्या किंवा सरळ खुर्चीवर बसा.

पीक फ्लो मीटर घ्या, म्हणजे जोरात फुंकल्यावर हवा किती वेगाने बाहेर पडते ते मोजणारी छोटी नळी. बरं असताना दोन आठवडे रोज सकाळ-संध्याकाळ उभं राहून तीनदा फुंका. त्यातला सगळ्यात मोठा आकडा तो तुमचा. समजा तो 400 आहे. रियाजाआधी 320 किंवा वर आला तर वाजवा. 200 ते 320 मध्ये असेल तर डॉक्टरांनी सांगितलेलं औषध घ्या आणि त्या दिवशी न फुंकता फक्त बोटांचे पलटे करा. 200 च्या खाली गेला, किंवा एक वाक्य सलग बोलता येईना, तर लगेच औषध घेऊन तडक दवाखाना गाठायचा.

सालब्युटामॉलने (त्रास झाल्यावर लगेच आराम देणाऱ्या पंपातल्या औषधाने) बोटं थरथरतात, छाती धडधडते. मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं) घेताना अर्धं झाकलेलं रंध्र निसटतं ते त्यामुळेच. तासाभरात हे बरंचसं ओसरतं, तेव्हा आधी सरगम, मींड मागाहून. हा पंप आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा लागत असेल तर दमा आटोक्यात नाही, डॉक्टरांना दाखवा. रोजच्या स्टिरॉइड पंपानंतर चूळ भरून थुंकाच. नाहीतर जिभेवर पांढरी बुरशी चढते, ओठांचे कोपरे चिरतात आणि फुंक बिघडते. बासरीने दमा बरा होतो असं कुणी सांगितलं तरी औषध बंद करू नका.

बासरीच्या आतही बुरशी धरते, आणि याकडे कुणी लक्ष देत नाही. न धुतलेल्या बॅगपाइपमधल्या बुरशीने एका वादकाची फुप्फुसं निकामी होऊन तो दगावल्याची नोंद इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी 2016 साली प्रसिद्ध केली होती. वाजवून झाल्यावर काडीला सुती फडकं गुंडाळून बासरी आतून कोरडी करा, तासभर उघडी ठेवा, मगच कापडी पिशवीत घाला. प्लास्टिकच्या पिशवीत कधीच नको. आतून काळे ठिपके दिसले किंवा कुबट वास आला तर ती बासरी बाजूला ठेवा. तेल द्यायचं तर बदामाचं द्या, मोहरीच्या उग्र वासाने काहींना ठसका लागतो.

इंदुरात जपायचे दिवस तुम्हाला माहीत आहेतच: डिसेंबर-जानेवारीची गार पहाट, रंगपंचमीची गेर (रंग उधळत निघणारी मिरवणूक), आणि गहू काढल्यावर भोवतालच्या शेतांत नरवाई (पिकाचे उरलेले खुंट) जाळतात ते दिवस. तेव्हा रियाज खिडक्या लावून करा, पहाटेऐवजी दुपारी. गणेशोत्सवात वाजवायला बोलावलं तर उदबत्ती आणि धुपापासून लांबची जागा आधीच मागून घ्या, आयोजक नाही म्हणत नाहीत. पुढच्या तपासणीला जाताना बासरी बरोबर न्या आणि डॉक्टरांसमोर पाच मिनिटं वाजवून दाखवा. आधीचा आणि नंतरचा पीक फ्लो पाहिला की औषधाची वेळ रियाजाशी कशी जुळवायची ते त्यांना नेमकं ठरवता येईल.