ग्रीन कार्ड आलं की बघू

"ताई, प्रायॉरिटी डेट 2015 ची आहे, ईबी-टू. मोठी आता सोळाची झाली. परत यावं का थांबावं, डोकंच चालेना झालंय."

मी काउन्सेलिंग करते आणि असे मेसेज मला सारखे येतात, आकडे तेवढे बदलतात. हा न्यू जर्सीतल्या एका जोडप्याचा, ओळख पटेल असं सगळं बदललंय आणि त्यांना विचारूनच लिहितेय.

ज्यांचं कोणी तिकडे नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ग्रीन कार्ड म्हणजे अमेरिकेत कायम राहायचा परवाना. नोकरीवरची ग्रीन कार्डं (ईबी, ईबी-टू ही त्यातलीच एक रांग) वर्षाला साधारण 1 लाख 40 हजार, त्यात बायको-मुलंपण मोजतात, आणि कुठल्याही एका देशात जन्मलेल्यांना मर्यादा साधारण 7 टक्क्यांची, मग तो देश भारत असो की आइसलंड. कंपनीने पर्म (कामगार खात्याकडचा पहिला अर्ज) फाइल केलं ती तारीख म्हणजे प्रायॉरिटी डेट, तुमचा रांगेतला नंबर. आय-140 (कंपनीचा त्यापुढचा अर्ज) मंजूर झालं की एच-वन (नोकरीचा व्हिसा) तीन-तीन वर्षांनी वाढत राहतो, त्यामुळे कोणी हाकलत नाही पण रांगही सरकत नाही, आणि सरकलीच तर कधीकधी उलटी.

नवऱ्याने पहिल्याच सेशनला स्क्रीन शेअर करून एक्सेल उघडलं. दर महिन्याचं व्हिसा बुलेटिन (रांग कुठल्या तारखेपर्यंत आली ते सांगणारं सरकारी पत्रक), तारीख पुढे गेली तर हिरवं, मागे गेली तर लाल, आणि शेवटच्या कॉलमला याने स्वतः काढलेला अंदाज, कधी 2031 तर कधी 2038. तो इतका मन लावून समजावत होता की मला थांबवायला जीवावर आलं. बायको शेजारी बसून नखं बघत होती. ती आर्किटेक्ट आहे, एच-फोरवर (एच-वनवाल्याच्या बायको-मुलांचा व्हिसा) मिळणाऱ्या ईएडी या वर्क परमिटवर काम करते, कार्ड रिन्यू व्हायला उशीर झाला की घरी.

घर घ्यायचं का, तर ग्रीन कार्ड आलं की बघू. नोकरी नकोशी झालीय, बदलायची का, तर ग्रीन कार्ड आलं की. आता आय-140 मंजूर झालं की जुनी कंपनी सोडली तरी तारीख सहसा तुमचीच राहते, नव्या कंपनीला पर्म आणि आय-140 परत करावं लागतं एवढंच, आणि हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. भीती वेगळीच होती, नव्या ठिकाणी ले-ऑफ झाला तर हातात 60 दिवस. साताऱ्याला आईकडे सहा-सहा महिने राहायचं, तेही ग्रीन कार्डनंतर. (ग्रीन कार्ड घेऊन इतका काळ बाहेर राहिलं तर सिटिझनशिपला उलट अडचण येऊ शकते, हे कुणी लक्षातच घेतलं नव्हतं.)

मी विचारलं, समजा उद्या सकाळी कार्ड हातात पडलं तर काय कराल? तो म्हणाला, "अर्थात राहू." ती त्याच क्षणी म्हणाली, "मी दोन वर्षांत पुण्याला जाईन." इतक्या वर्षांचा संसार आणि हे एकमेकांना आत्ता कळत होतं, कारण रांगेमुळे हा प्रश्न कुणाला विचारायचीच वेळ आली नव्हती.

मुलीला मी तिसऱ्या सेशनला बोलावलं, आईबाबांचा विरोध होता, "तिला टेन्शन नको." तिला सगळं माहीत होतं हो! एकविसाव्या वर्षी ती एच-फोरमधून बाहेर पडणार, धाकटा भाऊ तिकडेच जन्मलेला म्हणून सिटिझन आणि ही नाही, सगळं तिने रात्री मोबाइलवर वाचलेलं. मैत्रिणी उन्हाळ्यात आइस्क्रीमच्या दुकानात काम करतात, हिला एच-फोरवर करता येत नाही, तर ही सगळ्यांना सांगायची की आई नको म्हणते. आईला हे तिथेच पहिल्यांदा कळलं आणि ती रडायला लागली.

त्यानंतर कामाला वेग आला. वकिलाकडे तिघं मिळून गेले, मुलीने स्वतः प्रश्न लिहून नेले. तिकडे कळलं की ग्रीन कार्डसाठी मुलांचं वय (ते एकविसाच्या आत लागतं) धरताना आय-140 जितके दिवस पेंडिंग होतं तितके दिवस वजा होतात, आणि यांनी त्यावेळी प्रीमियम, म्हणजे लवकर निकालाची जादा फी, भरून ते पटकन मंजूर करून घेतलेलं, म्हणजे वजा व्हायला फक्त काही दिवसच. बाप म्हणाला, "पैसे देऊन लेकीचं वय वाढवलं मी." त्यावेळी सगळे हेच करत होते, हे मी सांगितलं, त्याला फारसं पटलं नाही.

आता मुलगी तिकडच्या कॉलेजांबरोबर कॅनडातली दोन आणि पुण्यातलं एक कॉलेज बघतेय, एफ-वनवर (स्टुडंट व्हिसा) शिकायचा खर्च कागदावर मांडलाय. नवऱ्याने नोकरी बदललीय. परत जायचं का यावर दोघांचं अजून जमलेलं नाही, पण निदान आता भांडण खऱ्या विषयावर होतंय, बुलेटिनवर नाही. आणि गेले तरी मंजूर आय-140 ची तारीख सहसा टिकते, पुढे कुठल्या कंपनीने नव्याने केस केली तर वापरता येते, त्यामुळे "गेलो की सगळं पाण्यात" असं नसतं.

तुमचं मूल चौदा-पंधराचं असेल तर त्याच्या वयाचा हा हिशोब वकिलाकडून आत्ताच लेखी मागवून घ्या, आणि तो कागद मुलालाही वाचायला द्या.