चॅपबुकमधला ‘चॅप’ आपला ‘छाप’ नव्हे

प्रश्न असा आला आहे : इंग्लंडात पूर्वी रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या ‘ब्रॉडसाइड बॅलड’ या छापील गाण्यांना मराठीत पोवाडे म्हणावं का? आणि ‘चॅपबुक’ हा शब्द आपल्या ‘छाप’वरूनच तिकडे गेला ना?

दुसऱ्या भागापासून सुरुवात करतो, कारण तो ऐकून ऐकून कान किटले आहेत. नाही, अजिबात नाही. हल्ली कवितांची छोटी पुस्तिका काढली की तिला चॅपबुक म्हणायची पद्धत पडली आहे. म्हणा की. पण प्रकाशन समारंभात माइक हातात आला की कुणीतरी ‘हे मूळचं आपलंच बरं का, छापबुक!’ असं म्हणतंच, आणि वर टाळ्याही मिळवतं. आडनाव जुळलं म्हणून कुणी भाऊबंद ठरत नाही.

यातला ‘चॅप’ म्हणजे ‘चॅपमन’, गावोगाव फिरणारा फेरीवाला. त्याच्या गाठोड्यात सुया, फिती, कंगवे आणि त्यांच्याच शेजारी पेनीला एक अशा पुस्तिका. एकच मोठा कागद दोन्ही अंगांनी छापायचा आणि घड्या घालून त्याची चोवीस पानं करायची. पुठ्ठा नाही, बांधणी नाही. वर एखादं जुनं झिजलेलं लाकडी ठशाचं चित्र, मजकुराशी जुळलं तर जुळलं. आत राक्षस मारणारा जॅक, स्वप्नांचे अर्थ, नाहीतर चावट विनोद. मुख्य म्हणजे त्या काळी यांना चॅपबुक म्हणतच नसत. लंडनचा रोजनिशीकार सॅम्युएल पीप्स यानं १७व्या शतकात असल्या पुस्तिका जमवून बांधून घेतल्या, त्या बाडाला त्यानं नाव दिलं ‘पेनी मेरिमेंट्स’. चॅपबुक हा शब्द १९व्या शतकात जुन्या पुस्तकांच्या शौकिनांनी पाडला. तेव्हा हिंदुस्थानातून ‘छाप’ जहाजात बसून गेला वगैरे कथा बंद करा.

आता खरी मजा. हा ‘चॅप’ जुन्या इंग्रजीतल्या ‘चेआप’चा वंशज. अर्थ सौदा, देवघेव, बाजार. लंडनचं चीपसाइड म्हणजे बाजारपेठ, तिथं काही स्वस्त मिळायचं म्हणून ते नाव पडलेलं नाही. जर्मन ‘काउफेन’ (विकत घेणे) त्याच घरातलं. कोपनहेगन, म्हणजे डॅनिश लोकांचं ‘क्यॉबेनहाउन’, हे व्यापाऱ्यांचं बंदर. फिनिश भाषेत दुकानाला ‘काउप्पा’ म्हणतात, तेही तिथूनच उसनं घेतलेलं. आणि या सगळ्यांच्या मुळाशी बहुतेक अभ्यासक लॅटिन ‘काउपो’ धरतात : खानावळवाला, दारू विकणारा, किरकोळ दुकानदार. काही जर्मन पंडितांना हा शब्द स्वदेशी ठरवायची हौस असते. हौसेला पुरावा लागत नाही!

‘चीप’ला स्वस्त हा अर्थ नंतर चिकटला. ‘गुड चीप’ म्हणजे चांगला सौदा. पुढे ‘गुड’ गळालं, आणि नुसतं ‘चीप’ स्वस्त झालं, मग हलकं झालं. माझं मत विचाराल तर हा घसारा शब्दाच्या रक्तातच आहे. रोमन लोकांना ‘काउपो’बद्दल तिटकारा होता, वाइनमध्ये पाणी घालणारा म्हणून, तोच तिटकारा फेरीवाल्याच्या पुस्तिकांपर्यंत पोचला. कोपनहेगनचं काय, असं कुणी विचारेल. बंदराच्या ठोक व्यापाऱ्याला कोण नाक मुरडतं? नाक मुरडतात ते किरकोळ विकणाऱ्याला. आपल्याकडे ‘सवंग’चं हेच झालं. संस्कृत ‘महार्घ’चा महाग, ‘समर्घ’चा सवंग. महागाईच्या उलट सवंगाई, असा तो साधा बाजारातला शब्द होता. आज ‘सवंग’ म्हटलं की लोकप्रियताच आठवते, धान्याचा भाव नाही. तो नासला नसता तर चॅपबुकला ‘सवंग पुस्तिका’ इतकं नेमकं नाव दुसरं सापडलं नसतं.

आणि ‘छाप’? तो खरोखरच इंग्रजीत गेला, पण ‘चॉप’ होऊन. यूल आणि बर्नेल यांच्या अँग्लो-इंडियन शब्दांच्या १८८६च्या कोशात बघा : चॉप म्हणजे शिक्का, मोहोर. पूर्वेकडच्या व्यापारात ‘फर्स्ट चॉप’ म्हणजे पहिल्या प्रतीचा माल. अभिमान बाळगायचाच तर तिथं बाळगा.

असलीच दुसरी भाकडकथा लंडनची. जेम्स कॅटनाक हा तिथल्या सेव्हन डायल्स या वस्तीतला मुद्रक, १८१३पासून खून, फाशी आणि मेलेल्यांचे कबुलीजबाब छापणारा. १८२४मध्ये वेअर नावाच्या माणसाच्या खुन्याला फाशी झाली. खप ओसरल्यावर कॅटनाकनं म्हणे ‘वी आर अलाइव्ह अगेन’ असा मथळा दिला, पहिल्या दोन शब्दांत फट इतकी कमी ठेवली की लोकांनी ‘वेअर जिवंत’ असं वाचलं, आणि त्यावरून ‘कॅचपेनी’ (नुसते पैसे उकळायला काढलेला भिकार माल) हा शब्द आला. किस्सा फक्कड आहे, पण कॅचपेनी १८व्या शतकातच छापून आलेला आहे आणि कॅटनाकचा जन्म १७९२चा. तरी इतिहासकार म्हणवणारे लोक हे उतरवत बसतात. त्यापेक्षा त्याच्या पेन्यांची हकिगत सांगा ना. फेरीवाले तांब्याची चिल्लर आणून देत. रोगराईच्या भीतीनं तो ती पोटॅश आणि व्हिनेगरमध्ये उकळून घ्यायचा, मग पोती भरून घोडागाडीनं बँक ऑफ इंग्लंडमध्ये न्यायचा. खोट्या निघालेल्या पेन्या त्यानं मागच्या स्वयंपाकघराच्या जमिनीत प्लास्टरमध्ये बसवल्या.

हां, पोवाडा. नको. ब्रॉडसाइड हे कागदाचं नाव आहे, एकाच बाजूनं छापलेला ताव. पोवाडा म्हणजे शाहीर, डफ, तुणतुणं, समोर माणसं. कागद असो नसो. शिवाय ब्रॉडसाइडवर वीरश्रीपेक्षा फाशीच जास्त. लंडनचा पत्रकार हेन्री मेह्यू यानं नोंदवलंय की १८४९च्या मॅनिंग दांपत्याच्या फाशीचे कागद २५ लाख खपले. ‘एकपानी गाणी’ म्हणा, भागेल. त्यांवर सहसा स्वरलिपी नसे, नुसतं ‘अमुक गाण्याच्या चालीवर’ एवढंच. आपल्या संगीत नाटकांच्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर ‘चाल :’ छापतात, अगदी तसं. ती पद्धत आपल्याकडे कुठून आली, हा प्रश्न पुढच्या वेळी विचारा. तो छापबुकापेक्षा बरा आहे.